मुलींसाठी फुलांची नावे सुचवणारे ॲप : शब्दांचा साठा उत्तम, प्रतीकार्थ मात्र पारखून घ्यावेत

माझ्या भाचीला मुलगी झाली. तिचे नाव फुलावरून ठेवायचे, एवढ्या एका गोष्टीवर घरात सगळ्यांचे एकमत झाले आणि पुढचा शोध तिने माझ्यावर सोपवला. "आत्या, यादी तू काढ, पण अर्थाची खात्री झाल्याशिवाय एकही नाव मला सांगू नकोस," ही तिची अट होती. त्यासाठी मी हे मोबाइल ॲप घेतले, सहा आठवडे जवळपास रोज वापरले आणि त्यातल्या दीडेकशे नोंदी एकेक करून वाचल्या. नावे सुचवणारे साधन म्हणून हे ॲप मला मनापासून आवडले; परंतु प्रत्येक नावाखाली ते जो प्रतीकार्थ छापते, त्यावर डोळे मिटून विसंबावे इतके ते अजून तयार झालेले नाही. हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की नाव एकदाच ठेवले जाते, आणि ज्या अर्थासाठी ते ठेवले तो अर्थच उसना किंवा चुकीचा निघाला, तर त्याची रुखरुख ते नाव वागवणारीला लागते.

ॲपची मांडणी साधी आहे. आद्याक्षर, भाषा, फुलाचा रंग आणि सुगंध यांवरून नावे निवडता येतात. प्रत्येक नोंदीत फुलाचे छायाचित्र, नावाची भाषा, शब्दार्थ, 'प्रतीक' या मथळ्याखाली एक-दोन शब्द, उच्चार ऐकण्याची सोय आणि त्याच कुळातली इतर नावे असतात. आवडलेली नावे बाजूला ठेवून ती यादी घरच्यांना पाठवता येते. इंटरनेट नसतानाही सगळे चालते, अक्षरे मोठी करता येतात, आणि जाहिराती मधेच येऊन वाचन मोडत नाहीत. या बाबतीत माझी काही तक्रार नाही.

ॲपची खरी ताकद कमळाच्या नावांत दिसते. संस्कृतमध्ये कमळाला जितके शब्द आहेत तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या फुलाला मिळाले असतील, आणि ते शब्द कसे घडले हे या ॲपने फार चांगले उलगडून दाखवले आहे. पाण्याचा कोणताही शब्द घेऊन त्यापुढे 'जन्मलेले' या अर्थाचा 'ज' जोडला की कमळ तयार होते : जलज, नीरज, अंबुज, वारिज. तळ्याच्या 'सरस्' वरून सरोज आणि चिखलाच्या 'पंक' वरून पंकज होते. मुलीसाठी नाव करताना शेवटी 'आ' येतो. पंकजा या नावाच्या नोंदीत एक गोष्ट विशेष नेमकेपणाने सांगितली आहे. चिखलात जन्मणारे पुष्कळ काही असते, तरी पंकज म्हटले की केवळ कमळच समजायचे, अशा शब्दाला व्याकरणकार योगरूढ म्हणतात. नीरजा या नावाखाली तर दोन्ही व्युत्पत्ती शेजारी शेजारी दिल्या आहेत : नीर म्हणजे पाणी, त्यात जन्मलेली ती नीरजा, आणि 'निर्' व 'रज' यांच्या संधीने होणारी, जिच्यावर धुळीचा कणही नाही अशी ती नीरजा. एकाच नावाला असे दोन स्वतंत्र आधार असणे दुर्मीळ, आणि कोणताही एक अर्थ दडवून न ठेवता दोन्ही मांडणे हे चांगल्या संपादनाचे लक्षण आहे.

याच कुळात काही ठिकाणी मात्र संपादकांचा हात सैल पडला आहे. पद्मिनी, नलिनी आणि कमलिनी या तिन्ही नावांखाली नुसते 'कमळ' असे लिहिले आहे. या शब्दांतल्या 'इनी' मुळे अर्थ एका फुलापुरता राहत नाही. कमळांचा समूह, कमळाची वेल किंवा कमळांनी भरलेले तळे असा त्याचा विस्तार होतो. एखाद्या मुलीच्या नावात एक फूल नसून फुलांनी भरलेले अख्खे तळे आहे, ही केवढी सुंदर गोष्ट, आणि ॲपने ती एका शब्दात गमावली आहे. मृणाल हे नावही फुलांच्या यादीत 'कमळ' म्हणून आले आहे. वास्तविक मृणाल म्हणजे कमळाचा देठ आणि तो मोडल्यावर निघणारे नाजूक तंतू. नाव तेवढेच गोड राहते, परंतु त्याची प्रतिमा बदलते : फुलाचा दिमाख नाहीसा होऊन तुटल्यावरही न सुटणारा धागा समोर येतो. पल्लवी, वल्लरी आणि अपर्णा ही नावे तर फुलांची नव्हेतच. पल्लवीत कोवळी पालवी आहे, वल्लरीत वेल आहे आणि अपर्णेत पानाचाही त्याग आहे. त्यांना वेगळा विभाग द्यायला हवा होता.

कमळ आणि कुमुद यांची गल्लत मला सर्वांत जास्त खटकली. कमला या नावाच्या नोंदीत जे छायाचित्र आहे, त्यात पाने पाण्यावर पसरलेली असून प्रत्येक पानाला कडेपासून देठापर्यंत खाच आहे. म्हणजे ते कमळ नसून कुमुदाच्या जातीचे फूल आहे. कमळाचे पान अखंड वर्तुळाकार असते, देठ त्याच्या मध्यावर जोडलेला असतो, आणि पाने व फुले पाण्याच्या वर उंच उभी राहतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही पूर्वी ही दोन्ही फुले एकाच कुळात धरली होती; पुढे जनुकांच्या अभ्यासातून कमळाचे नाते कुमुदांशी नसून चिनारासारख्या वृक्षांशी जवळचे असल्याचे दिसले. कवींनी हा भेद फार आधी ओळखला होता. कमळ सूर्याचे आणि कुमुद चंद्राचे, अशी वाटणी संस्कृत काव्यात पक्की आहे, कारण कमळ दिवसा उमलते आणि कुमुदाच्या काही जाती खरोखरच रात्री उमलून सकाळी मिटतात. त्यामुळे कुमुदिनी या नावातली मुलगी चांदण्यात उमलणारी आहे आणि नलिनी या नावातली उन्हात. दोघींना एकच चित्र लावले की दोघींवरही अन्याय होतो.

कमळाच्या सगळ्या नावांखाली प्रतीक म्हणून 'पावित्र्य' हा एकच शब्द आहे. तो चुकीचा नाही, पण तो कशामुळे आला हे सांगितले नाही तर निव्वळ छाप मारल्यासारखा वाटतो. चिखलातून वर येऊनही निर्मळ राहणे हे त्याचे पहिले कारण, आणि दुसरे म्हणजे त्याचे पान. त्या पानावर पाण्याचा थेंब टिकत नाही, गोळी होऊन घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात आसक्ती सोडून कर्म करणाऱ्या माणसाला पाण्यातल्या पद्मपत्राची उपमा दिली आहे ती याच गुणामुळे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या पानावरचे मेणाचे बारीक उंचवटे पाहून हा गुण कसा येतो ते दाखवले, आणि त्याला आज 'लोटस इफेक्ट' म्हणतात. एवढेच नव्हे, चीनमधल्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेले सुमारे १,३०० वर्षांपूर्वीचे कमळाचे बी रुजल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि उमललेले कमळ बाहेरची हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी आपले तापमान ३० ते ३६ अंश सेल्सियसच्या दरम्यान राखते, हे १९९६ मध्ये नोंदवले गेले. चिकाटी, दीर्घायुष्य, आतली ऊब असे कितीतरी अर्थ या एका फुलाकडून घेता आले असते. नोंदीत त्यासाठी चार ओळींची जागा नक्कीच होती.

मराठी फुलांच्या नावांचा विभाग लहान असला तरी जिव्हाळ्याने केलेला आहे. जाई हा शब्द संस्कृत 'जाती' वरून आणि जुई हा 'यूथिका' वरून आला, हे त्यात दिले आहे, आणि जाई, जुई, मोगरा, कुंद ही सगळी एकाच जास्मिनम प्रजातीतली भावंडे आहेत हेही एका तक्त्यात दाखवले आहे. तो तक्ता पाहताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी ॲपने सांगितलेली नाही. मराठीत जी फुले मुळातच स्त्रीलिंगी आहेत, ती सहजपणे मुलींची नावे झाली : जाई, जुई, सायली, केतकी, शेवंती, अबोली. जी पुल्लिंगी आहेत त्यांना नाव व्हायला रूप बदलावे लागले : प्राजक्ताची प्राजक्ता झाली, निशिगंधाची निशिगंधा झाली, आणि चाफ्याला चंपा व्हायला मूळ संस्कृत चंपकाकडे जावे लागले. मोगरा आणि झेंडू मात्र वासाला, रंगाला कुठेही कमी नसून नावांच्या यादीत जवळजवळ येतच नाहीत. याच्या उलट बाजूला राजीव, अरविंद आणि पुष्कर हे तिन्ही कमळाचेच शब्द मुलांना मिळाले, आणि अशोक, शिरीष, पलाश हे बहरणारे वृक्षही मुलांकडे गेले. म्हणजे एखादे फूल मुलीचे की मुलाचे, हे फुलाच्या कोमलतेपेक्षा शब्दाच्या लिंगावर आणि वृक्ष की वेल यावर अधिक ठरलेले दिसते. ग्रीक पुराणकथांत तर ज्यांची नावे फुलांना मिळाली ते नार्सिसस आणि हायासिंथस हे दोघेही तरुण मुलगे आहेत. नावे निवडताना हा धागा हाती असता तर माझा बराच वेळ वाचला असता.

अबोलीच्या नोंदीत प्रतीक म्हणून 'नम्रता' असे लिहिले आहे, आणि ते मला पटलेले नाही. अबोलीला सुगंध नाही. फूल वासाने बोलते असे मानले, तर हे फूल बोलत नाही, म्हणून ते अबोली. हा त्या नावाचा मला जाणवणारा गोडवा आहे. रंग मात्र असा की त्या रंगालाच मराठीत अबोली म्हणतात. न बोलता ओळखू येणे आणि नम्र असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलीच्या नावाला अर्थ देताना प्रत्येक फुलाला नम्रता, कोमलता, लाजरेपणा असेच शब्द चिकटवण्याची सवय या ॲपच्या संपादकांना लागलेली दिसते. मी मोजून पाहिले तेव्हा वाचलेल्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक नोंदींत असाच एखादा शब्द होता. बकुळीचे फूल सुकले तरी त्याचा वास टिकतो, प्राजक्त रात्री फुलतो आणि पहाटे स्वतःच खाली गळतो, अपराजिता म्हणजे गोकर्णीचे फूल असून नावाचा सरळ अर्थ 'कधीही न हरलेली' असा आहे. इतकी वेगवेगळी स्वभावचित्रे एका साच्यात का ओतावीत?

शेवंतीच्या नोंदीत झालेली चूक मात्र अधिक गंभीर आहे. तिथे प्रतीक म्हणून 'शोक' असा शब्द छापला आहे. ती नोंद कशी तयार झाली असावी, हे ओळखणे अवघड नाही : शेवंतीचे इंग्रजी नाव घेतले, त्या नावाचा युरोपातला संकेत शोधला आणि तो मराठी नावाखाली आणून बसवला. फ्रान्स, बेल्जियम आणि इटलीत शेवंतीची फुले थडग्यांवर वाहतात, हे खरे आहे. परंतु चीनमध्ये हेच फूल दीर्घायुष्याचे आणि शरदातल्या थंडीला न डगमगणाऱ्या सज्जनाचे चिन्ह आहे. प्लमचा बहर, ऑर्किड आणि बांबू यांच्यासह तिथे 'चार सज्जन' मानल्या जाणाऱ्या वनस्पतींत त्याला स्थान आहे. जपानच्या सम्राटाच्या राजचिन्हावर सोळा पाकळ्यांची शेवंती आहे. एकाच फुलाला तीन ठिकाणी तीन अर्थ असतील, तर त्यातला सर्वांत दुःखी अर्थ निवडून तो चौथ्याच भाषेतल्या नावावर लादण्याला काही आधार नाही. ही नोंद वाचून एखाद्या आईने शेवंती हे नाव सोडून दिले असेल तर मला खरोखर वाईट वाटेल.

याउलट फारसी आणि अरबी नावांचा विभाग हा या ॲपमधला सर्वोत्तम भाग आहे, आणि तो ज्यांनी लिहिला त्यांचे कौतुक केले पाहिजे. निलोफर या नावाची नोंद मी दोनदा वाचली. संस्कृतमधले नीलोत्पल, म्हणजे निळे कमळ, फारसीत जाऊन 'नीलूफर' झाले, तिथून अरबीत गेले आणि पुढे फ्रेंचमध्ये 'नेनुफार' म्हणून पोचले. एका फुलाच्या नावाने केलेला हा प्रवास त्यात नकाशासह दाखवला आहे. सुसान या नावामागचा प्रवासही तितकाच लांबचा आहे. ते हिब्रूतल्या 'शोशन्ना' वरून आले, आणि त्या शब्दाची मुळे प्राचीन इजिप्तच्या भाषेतल्या कमळवाचक शब्दापर्यंत जातात. हिब्रूत त्याचा अर्थ लिली झाला आणि आजच्या हिब्रूत तो गुलाबासाठीही वापरला जातो. यास्मिन हा फारसी शब्द आहे आणि युरोपीय भाषांतले जास्मिन त्याच्यावरून आले. गुलाब हा शब्दसुद्धा 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी यांचा जोड आहे, म्हणजे मुळात ते गुलाबपाणी होते आणि पुढे तेच फुलाचे नाव झाले, हे वाचून माझ्या भाचीलाही नवल वाटले.

नर्गिसची नोंद तर बाकीच्या सगळ्या नोंदींना आदर्श व्हावी अशी आहे. ग्रीक कथेतला नार्सिसस पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहून त्यातच गुंतला, म्हणून युरोपात ते फूल आत्ममग्नतेचे चिन्ह ठरले. फारसी काव्यात मात्र त्याच फुलाचा मधला पेला म्हणजे प्रियेचा अर्धोन्मीलित, गुंगलेला डोळा. एकीकडे फूल स्वतःकडे पाहते, दुसरीकडे ते जगाकडे पाहते. ॲपने हे दोन्ही अर्थ भाषेच्या नावानिशी वेगळे दिले आहेत, आणि नर्गिस हे नाव फारसी असल्यामुळे त्याला फारसी अर्थच लागू धरावा, असेही स्पष्ट म्हटले आहे. हीच शिस्त शेवंतीच्या वेळी पाळली असती तर वरची चूक झालीच नसती.

युरोपीय नावांच्या विभागात चांगले आणि वाईट एकमेकांत मिसळलेले आहे. डेझी हे इंग्रजी नाव जुन्या इंग्रजीतल्या 'दिवसाचा डोळा' या शब्दांवरून आले, कारण ते फूल सकाळी उघडते आणि संध्याकाळी मिटते. आणि मार्गारेट नावाच्या मुलींना लाडाने डेझी म्हणतात, कारण मार्गारेटचे फ्रेंच रूप मार्गरित हे त्याच फुलाचे फ्रेंच नावही आहे, जरी मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मोती असा असला तरी. आयरिस ही ग्रीकांची इंद्रधनुष्याची देवता. हे सगळे ॲपमध्ये अचूक आहे. परंतु रोझामंड आणि रोझालिंड ही नावे गुलाबाच्या यादीत घातली आहेत, ती मात्र मुळात गुलाबाची नव्हेत. ती जुन्या जर्मानिक भाषांतून आली आणि त्यांच्या सुरुवातीचा शब्द घोड्यासाठी आहे. लॅटिनच्या प्रभावाने लोकांना त्यात गुलाब ऐकू येऊ लागला. रोझमेरीतही गुलाब नाही आणि मेरीही नाही, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'समुद्राचे दव' असा आहे. लोकांना पुढे त्यात गुलाब दिसला, हाही त्या नावाच्या इतिहासाचा भाग आहे, म्हणून नावे यादीतून काढा असे मी म्हणणार नाही. फक्त मूळ काय आणि मागाहून चिकटलेले काय, हे सांगायला हवे.

आणखी एका गोष्टीची मला उणीव वाटली. कॅमेलिया, मॅग्नोलिया, डालिया आणि झिनिया ही मुलींची नावे ॲपने 'लॅटिन, फुलाचे नाव' एवढे म्हणून सोडून दिली आहेत. प्रत्यक्षात ही चारही नावे पुरुषांच्या आडनावांवरून घडली : कॅमेलिया हे फिलिपिन्समध्ये काम केलेले जेझुइट धर्मबंधू गेऑर्ग कामेल यांच्यावरून, मॅग्नोलिया हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मान्योल यांच्यावरून, झिनिया हे जर्मन वैद्य योहान झिन यांच्यावरून, आणि डालिया हे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांचे शिष्य अँडर्स डाल यांच्यावरून. मुलीला असे नाव देताना तिच्या नावात एका शास्त्रज्ञाचे स्मरण आहे, हे आईवडिलांना सांगितलेच पाहिजे. काहींना त्याचा आनंदच वाटेल.

डालियाच्याच नोंदीवरून ॲपच्या 'प्रतीक' या रकान्याचा मूळ दोष मला उमगला. तिथे 'प्राचीन प्रतीक : अस्थिरता' असे छापले आहे. डालिया हे मेक्सिकोचे फूल आहे आणि आज ते त्या देशाचे राष्ट्रीय फूल आहे; युरोपात ते अठराव्या शतकाच्या अखेरीस पोचले आणि त्याला हे शास्त्रीय नाव स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ कावानियेस यांनी १७९१ मध्ये दिले. तेव्हा त्याचा युरोपातला कोणताही संकेत प्राचीन असणे शक्यच नाही. हा अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या पुष्पभाषेच्या, म्हणजे प्रत्येक फुलाला एकेक ठराविक अर्थ देणाऱ्या, याद्यांतून आलेला आहे. इंग्रज लेखिका लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी १७१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून, लिहिलेल्या पत्रात, फुले आणि इतर लहानसहान वस्तू पाठवून निरोप देण्याच्या तिथल्या खेळाचे वर्णन केले होते. त्यात वस्तूच्या नावाशी यमक जुळणारी ओळ आठवायची असे. युरोपात त्या कल्पनेने चांगलेच मूळ धरले. १८१९ मध्ये पॅरिसमध्ये शार्लोट द लातूर या टोपणनावाने पुष्पभाषेचे पुस्तक निघाले, त्यामागून अशा पुस्तकांची रीघ लागली, आणि इंग्रज चित्रकार केट ग्रीनवे यांनी १८८४ मध्ये काढलेली सचित्र यादी आजही उद्धृत होते. डालियाला अस्थिरता, लॅव्हेंडरला अविश्वास आणि पिवळ्या गुलाबाला मत्सर, हे अर्थ त्या यादीत आहेत. आज पिवळा गुलाब मैत्रीसाठी देतात आणि लॅव्हेंडर शांततेसाठी. म्हणजे हे संकेत लेखकागणिक आणि काळागणिक बदलत आले आहेत, आणि त्यांना फुलाचा स्वभाव समजणे चूक आहे. ॲपने प्रत्येक प्रतीकासमोर ते कोणत्या भाषेतले, कोणत्या काळातले आणि कुठून घेतले एवढे तीन शब्द दिले, तरी त्याची विश्वासार्हता कितीतरी वाढेल. याशिवाय, 'दालिया' हे अरबी नाव, ज्याचा अर्थ द्राक्षवेल आहे, ते याच नोंदीत मिसळून टाकले आहे. ते वेगळे करावे.

चूक कळवली तर काय होते, हेही मी तपासले. माधवीच्या नोंदीत जे छायाचित्र होते, ते आज सर्वत्र दिसणाऱ्या त्या वेलीचे होते जिची फुले पांढरी उमलून गुलाबी आणि मग लाल होतात, आणि जिला आता पुष्कळ जण मधुमालती म्हणतात. संस्कृत काव्यातली माधवी ही त्याहून निराळी वेल आहे. तिची फुले पांढरी, पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या आणि एका पाकळीवर पिवळा डाग असतो. मी हे ॲपमधून लिहून कळवले. तीन दिवसांनी सौजन्यपूर्ण उत्तर आले आणि पुढच्या सुधारित आवृत्तीत छायाचित्र बदललेले होते. शेवंतीबद्दलही मी त्याच दिवशी लिहिले होते. त्याचे उत्तर आले, पण 'शोक' हा शब्द अजून तिथेच आहे.

विषारी फुलांविषयी ॲप काहीच बोलत नाही. ओलिएंडर, म्हणजे कण्हेर, आणि डॅफोडिलसारखी फुले नावांच्या यादीत असायला हरकत नाही, कारण नाव कोणाला बाधत नाही; परंतु फूल प्रत्यक्ष घरात आणून बाळाशेजारी ठेवण्याची हौस अनेकांना असते, म्हणून एक ओळीची सूचना आवश्यक आहे.

माझे गुण पाचांपैकी साडेतीन. शब्दार्थासाठी हे ॲप जरूर घ्यावे, विशेषतः कमळाची आणि फारसी नावे पाहण्यासाठी. प्रतीकाचा रकाना मात्र वाचावा आणि प्रत्येक वेळी दुसरीकडे पडताळून पाहावा. मी भाचीला शेवटी तीन नावे पाठवली : बकुळा, निलोफर आणि नीरजा. तिने नीरजा निवडले. पाण्यात जन्मलेली हा अर्थ तिला आवडला आणि धुळीचा कणही नसलेली हा तिच्या नवऱ्याला, त्यामुळे निवड करताना कोणालाच माघार घ्यावी लागली नाही. ॲपमध्ये त्या नावाचा उच्चार ऱ्हस्व 'नि' ने ऐकू येतो. तो दीर्घ 'नी' ने हवा, आणि तेही मी आता त्यांना कळवले आहे.